पहाटेचं पाणी आणि जूनची परीक्षा

वाचकांचे प्रश्न : आयर्लंडमधली जलतरण कारकीर्द

पॅरिस ऑलिंपिकमध्ये आयर्लंडनं ७ पदकं मिळवली, त्यातली ३ तलावातून आली. त्याआधी १९९६ पासून २८ वर्षं या देशाच्या एकाही पोहणाऱ्याला ऑलिंपिक पदक नव्हतं. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांची पत्रं या सदराकडे वाढली ती साहजिकच तेव्हापासून. सारखे प्रश्न एकत्र करून इथं उत्तरं दिली आहेत.

पॅरिसला सुवर्ण जिंकलेला डॅनियल विफन लहानपणापासूनच चमकत होता का? आमचा मुलगा १५ वर्षांचा आहे, लांब पल्ल्याचं फ्रीस्टाइल पोहतो आणि वयोगटात नेहमी सहावा-सातवा येतो. पुढे काही आशा आहे का?
— एक पालक, ल्यूकन

नव्हता. त्याचे आकडेच बघा. उत्तर आयर्लंडमधल्या माहरालिन गावात वाढलेल्या विफनकडे कनिष्ठ जागतिक पदक नव्हतं. २०२१ मध्ये टोकियोला पोहला तेव्हा त्याला नुकतंच विसावं वर्ष पूर्ण झालं होतं. ८०० मीटरमध्ये ७:५१.६५ वेळ देऊन तो १४ वा आला, १५०० मध्ये २० वा. दोन्ही फायनल हुकल्या. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १५०० चं रौप्य मिळालं. २०२३ मध्ये फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत दोन्ही शर्यतींत चौथा. त्याच डिसेंबरात ओटोपेनीच्या युरोपीय शॉर्ट कोर्स (२५ मीटरच्या तलावातल्या) स्पर्धेत ४००, ८०० आणि १५०० अशी तीन सुवर्णं, आणि ८०० मध्ये ७:२०.४६ चा जागतिक विक्रम. ग्रँट हॅकेटचा ७:२३.४२ हा विक्रम २००८ पासून टिकून होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोहाला जागतिक स्पर्धेची दोन सुवर्णं, आणि ३० जुलैला पॅरिसमध्ये ७:३८.१९ या ऑलिंपिक विक्रमासह ८०० चं सुवर्ण. पाच दिवसांनी १५०० चं कांस्य.

टोकियो ते पॅरिस या तीन वर्षांत त्यानं ८०० मध्ये १३.४६ सेकंद कमी केले. ५० मीटरच्या १६ फेऱ्यांवर ते वाटले तर फेरीमागे ०.८४ सेकंद होतात. सुवर्णाच्या शर्यतीत त्याची सरासरी फेरी २८.६४ सेकंदांची होती. एक गंमतही सांगून ठेवू: पॅरिससाठीची ८०० मीटरची थेट पात्रता वेळ नेमकी ७:५१.६५ होती. म्हणजे टोकियोत त्याला फायनलही न देणारी वेळ पुढच्या खेपेला इतरांसाठी उंबरठा ठरली.

तेव्हा मुलाचा क्रमांक थोडा बाजूला ठेवा. १४-१५ व्या वर्षी मुलांच्या क्रमांकात उंची आणि दाढी-मिशीचं वय फार डोकावतं. त्याऐवजी वहीत तीन गोष्टी लिहीत जा. पहिली, ४०० आणि १५०० च्या त्याच्या वेळा, दर चार महिन्यांनी एकदा. दुसरी, शर्यतीतल्या प्रत्येक १०० मीटरची वेळ. पहिलं आणि शेवटचं शतक सोडून मधली शतकं दीड सेकंदाच्या पट्ट्यात राहतात का ते बघा. तिसरी, त्याच वेगाला फेरीमागे किती हात पडतात. वेळ तीच आणि हात कमी, तर मुलगा सुधारतोय. वेळ थोडी सुधारली पण हात वाढले, तर तो ताकदीनं ओढतोय. ही सुधारणा वर्षभरात थांबते. लांब पल्ल्याच्या मुलांचं सर्वाधिक नुकसान पहिल्या १०० मीटरमध्ये होतं. शेजारच्या लेनच्या नादानं दोन सेकंद वेगात निघतात आणि ६०० नंतर त्याची चौपट किंमत मोजतात.

आता याची दुसरी बाजू. मोना मॅकशॅरी २०१७ मध्ये इंडियानापोलिसला १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची कनिष्ठ जागतिक विजेती होती. गॉलवेचा जॉन शॉर्ट २०२५ मध्ये २०० मीटर बॅकस्ट्रोकचा कनिष्ठ जागतिक विजेता झाला. म्हणजे लवकर चमकणारेही आहेतच. पण मोनालासुद्धा त्या सुवर्णापासून ऑलिंपिक कांस्यापर्यंत सात वर्षं लागली, आणि मधल्या टोकियोच्या फायनलमध्ये ती आठवी होती.

मुलगी १३ वर्षांची, क्लबचा तलाव २५ मीटरचा. आठवड्यातून किती वेळा पाठवावं? आणि ५० मीटरच्या तलावात गेली की तिच्या वेळा इतक्या का बिघडतात?
— एक आई, कॉर्क

तेराव्या वर्षी पाण्यात ५ ते ६ सत्रं, प्रत्येक सत्र दीड तासाचं, आणि जमिनीवरचा व्यायाम दोनदा, अर्धा-पाऊण तास. चौदा-पंधराला ७-८ सत्रं, सोळानंतर ८ ते १०, दोन-दोन तासांची. याच्या पुढे पळू नका. तेराव्या वर्षी दहा सत्रं करणाऱ्या मुली सोळाव्या वर्षी वाढवणार काय?

वेळ बिघडण्याचं कारण वळणं. २०० मीटरला २५ च्या तलावात ७ वळणं येतात, ५० च्या तलावात ३. भिंतीला रेटा देऊन निघताना शरीराचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, आणि तेवढा वेळ हातांना विश्रांतीही मिळते. लांब तलावात या दोन्ही गोष्टी जातात. बारकाईनं पाहिलंत तर बिघाड फेरीच्या शेवटच्या १५ मीटरमध्ये असतो: कंबर खाली जाते, हात घाईनं पडू लागतात, पाय थांबतात.

छोट्या तलावातही यावर काम करता येतं. ८ × १०० पोहायला लावा. दुसऱ्या वळणाला भिंतीपर्यंत न जाता बॅकस्ट्रोकच्या झेंड्यांखाली, म्हणजे भिंतीच्या ५ मीटर आधी, रेटा न देता वळायचं आणि तिथूनच वेग उचलायचा. हे फार दमवतं. आठवड्यातून एकदा पुरे. याशिवाय लांब तलावातल्या स्पर्धेआधी ५० मीटरमध्ये किमान ६ ते ८ सत्रं व्हायला हवीत. डब्लिनमध्ये ब्लँचर्ड्सटाउनचं नॅशनल अ‍ॅक्वाटिक सेंटर आणि यूसीडी विद्यापीठ, लिमरिकला विद्यापीठाचा तलाव, उत्तरेला बँगॉर. कॉर्कहून तुम्हाला लिमरिक सोयीचं. क्लबचे कोच सहसा सुट्टीत लेन घेतातच, विचारून ठेवा. वयोगट वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या वयावर मोजला जातो, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलगी गटात कायम धाकटी राहते. तिच्या क्रमांकाकडे बघताना हे विसरू नका.

स्विम आयर्लंड या जलतरण संघटनेच्या राष्ट्रीय केंद्रांची घाई आत्ता नको. तो विषय शाळेच्या अखेरच्या वर्षांचा आहे.

लीव्हिंग सर्ट (शाळेची अखेरची परीक्षा) आणि पोहणं एकाच वर्षी कसं निभवायचं? मुलगा यंदा माध्यमिक शाळेच्या पाचव्या वर्षात आहे, कनिष्ठ युरोपीय संघाच्या उंबरठ्यावर आहे. शाळा म्हणते पोहणं थांबवा, कोच म्हणतात एकही सत्र चुकवू नका.
— आई-वडील, डब्लिन १५

या सदराकडे सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि आयर्लंडमधल्या कित्येक चांगल्या पोहणाऱ्यांची कारकीर्द इथंच संपते. दोघांचंही ऐकू नका. आधी कॅलेंडर समोर ठेवा.

राष्ट्रीय निवड चाचण्या साधारण एप्रिलच्या आसपास असतात. लीव्हिंग सर्टच्या तोंडी परीक्षा अलीकडच्या वर्षांत इस्टरच्या सुट्टीत होतात, म्हणजे त्याच सुमारास. लेखी परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन महिनाअखेरपर्यंत चालते. कनिष्ठ युरोपीय स्पर्धा जुलैच्या सुरुवातीला. तीन शिखरं आणि मध्ये जेमतेम बारा आठवडे. सहाव्या, म्हणजे अखेरच्या वर्षाच्या मार्चमध्ये जागं होणाऱ्याला यातून वाट मिळत नाही.

म्हणून काम पाचव्या वर्षातच सुरू करायचं. विज्ञान आणि बिझनेससारख्या काही विषयांचे नवे अभ्यासक्रम आता किमान ४० टक्के गुण लेखी परीक्षेबाहेरच्या कामाला देतात. त्या प्रकल्पांच्या तारखा शाळेकडून घ्या आणि स्पर्धांच्या तारखांशेजारी एकाच कागदावर लिहा. नुसता तो कागद पाहूनच शाळा आणि कोच यांच्यातले निम्मे वाद मिटतात.

सहाव्या वर्षात सप्टेंबर ते डिसेंबर नेहमीची ८ सत्रं चालू ठेवा. सीएओचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाचा अर्ज १ फेब्रुवारीपर्यंत. तो नाताळच्या सुट्टीतच भरून टाका. चाचण्यांआधी दोन-तीन आठवडे टेपर असतो: अंतर जवळपास निम्म्यावर येतं, वेग तसाच राहतो. या काळात आठवड्याला पाच-सहा तास मोकळे होतात. तोंडी परीक्षेची तयारी इथं बसवायची. बहुतेक मुलं हे तास फोनवर घालवतात आणि मग एप्रिलमध्ये रडकुंडीला येतात.

चाचण्या झाल्या की चार-पाच दिवस पूर्ण सुट्टी, मग मेअखेरपर्यंत ५-६ सत्रं. लेखी परीक्षा सुरू असताना ४ सत्रं, तासाभराची, सगळी संध्याकाळची. पहाट बंद. यात लांबलचक अंतरं नकोत. पोहणारा २०० मीटरचा असेल तर २० × २५, त्याच्या २०० च्या शर्यतीच्या वेगानं, मध्ये २० सेकंद विश्रांती. लागोपाठ दोनदा वेळ चुकली की सेट तिथंच थांबवायचा. पाण्याबाहेर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त राहू नये. फुप्फुसांची क्षमता तीन आठवड्यांत फारशी ढळत नाही, पण हाताला पाणी ‘लागणं’ आठवड्यात हरवतं, आणि जुलैत ते परत आणायला दहा दिवस कुठून मिळणार?

झोपेचा हिशोब तर पालकांनीच धरायचा. साडेपाचला पाण्यात असायचं तर पावणेपाचला उठावं लागतं, म्हणजे रात्री पावणेनऊला दिवा बंद. सहाव्या वर्षात हे आठवड्यातून चारदा जमत नाही. पहाटेची सत्रं दोनवर आणा आणि उरलेली दोन शनिवार-रविवारी घ्या. झोप सहा तासांवर आली की दोन गोष्टी ठरलेल्या: टेपरमध्ये सर्दी-खोकला, आणि गणिताच्या पेपरात सोपी चूक.

गुणांचं गणितही शांतपणे करा. मुलं सहसा सात विषय देतात, त्यातले उत्तम सहा मोजले जातात. उच्च स्तरावरच्या गणितात एच६ ही श्रेणी किंवा वर मिळालं तर २५ गुण जास्त. ६२५ पैकी किती हवेत हे अभ्यासक्रमावर ठरतं. सातवा विषय निव्वळ प्रतिष्ठेसाठी ओढू नका. आणि हवी ती जागा मिळाली पण वर्षभर फक्त पोहायचं असेल, तर प्रवेश पुढे ढकलता येतो. त्यासाठी सीएओवर जागा स्वीकारायच्या आधी थेट विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला लेखी कळवावं लागतं. आधी ‘स्वीकार’ दाबून मग विनंती करणारे अडकतात.

ज्यांची मुलं अजून ट्रान्झिशन इयरमध्ये (शाळेच्या चौथ्या, ऐच्छिक वर्षात) आहेत त्यांनी हे वर्ष वाया घालवू नये. अभ्यासाचं ओझं सर्वांत कमी असतं. सत्रं सहावरून आठवर न्यायची असतील तर हीच वेळ.

शाळेनंतर अमेरिका, इंग्लंड की आयर्लंड?
— तीन पत्रांतून

तिन्ही वाटांनी ऑलिंपिक फायनल गाठलेली उदाहरणं समोर आहेत. मोना मॅकशॅरी अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात घडली. विफन इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात, कोच अँडी मॅनलीच्या हाताखाली. डब्लिनची एलन वॉल्श थोडा काळ टेनेसीला जाऊन परत आली आणि घरूनच पॅरिसच्या ४०० मीटर मेडलेच्या फायनलपर्यंत पोहोचली. जॉन शॉर्टनं गॉलवेहून लिमरिकचं राष्ट्रीय केंद्र गाठलं. तेव्हा प्रश्न देशाचा नाही, तिथल्या तलावात रोज काय घडणार आहे याचा आहे.

अमेरिकेत विद्यापीठांचा हंगाम सप्टेंबर ते मार्च, तोही २५ यार्डांच्या म्हणजे २२.८६ मीटरच्या तलावात. वळणं आणि पाण्याखालची लाथ तिथं अफाट सुधारते. ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, कमी पल्ल्याचं फ्रीस्टाइल असणाऱ्यांना त्याचा थेट लाभ. १५०० मीटरवाल्यांनी मात्र दहा वेळा विचार करावा. दर शनिवारी संघासाठी गुण मिळवण्याच्या शर्यती आणि लांब पल्ल्याची सलग तयारी एकमेकांच्या आड येतात.

पैशांचं चित्र नुकतंच बदललंय. २०२५-२६ पासून डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे विद्यापीठ क्रीडेच्या वरच्या स्तरावर, नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांत, शिष्यवृत्त्यांवरची जुनी मर्यादा (पुरुष ९.९, महिला १४) गेली आणि संघातल्या जागांवर मर्यादा आली: जलतरण-डायव्हिंगला ३०. टेनेसी ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये आहे तिथं पुरुषांसाठी त्याहून कमी, २२. म्हणजे कोचकडे ‘हळूहळू घडेल’ अशा मुलासाठी जागा उरलेली नाही. कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये पहिल्या वर्षीच गुण मिळवू शकेल अशी वेळ हवी.

कोचशी बोलणं सुरू होतं ते ट्रान्झिशन इयर संपतानाच्या १५ जूनपासून. त्याआधी त्यांना उत्तर देण्याची मुभा नसते. लाँग कोर्सच्या (५० मीटरच्या तलावातल्या) वेळा, पाण्याखालून घेतलेला एक व्हिडिओ, शाळेचे गुण, एवढंच पाठवा. उत्तर आलं की हे विचारा: शिष्यवृत्ती चारही वर्षं लेखी आहे का, की दरवर्षी नव्यानं? दुखापत झाली तर काय? आयर्लंडच्या चाचण्यांना सोडतात का, आणि विमानखर्च कोणाचा? मार्च संपल्यावर लाँग कोर्स कोण घेतं? माझ्या प्रकाराच्या गटात किती जण आहेत? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर ते नकारच समजा. शाळेनंतर एक वर्ष थांबून जाणार असाल तर पात्रतेची वर्षं कमी होऊ शकतात. हे विद्यापीठाच्या कंप्लायन्स (नियमपालन) कार्यालयाकडून लेखी घ्या, कोचच्या तोंडी शब्दावर राहू नका.

इंग्लंडबाबत एक मुद्दा मराठी घरांत हमखास सुटतो. आयरिश नागरिकांना कॉमन ट्रॅव्हल एरियामुळे (आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या परस्पर व्यवस्थेमुळे), रहिवासाची अट पूर्ण असेल तर, तिथं स्थानिक विद्यार्थ्यांची फी लागते. केवळ आयर्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला ती सवलत नाही. फीमध्ये दुपटीहून मोठा फरक पडू शकतो.

मुलाचा जन्म इथलाच, पण पासपोर्ट भारतीय. तो आयर्लंडकडून पोहू शकेल का? आणि बेलफास्टला राहिलो तर?
— एक वडील, डंडॉक

क्लबकडून पोहायला अडचण नाही. ऑलिंपिकसाठी मात्र देशाचं नागरिकत्व लागतं. २००५ पासून आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मुलाला जन्मानंच नागरिकत्व मिळतं ते जन्माआधीच्या चार वर्षांत आई किंवा वडिलांचा तीन वर्षांचा मोजण्याजोगा कायदेशीर रहिवास असेल तर. विद्यार्थी परवान्यावरचा काळ त्यात धरत नाहीत. हे बसत असेल तर तो आधीच आयरिश आहे, फक्त पासपोर्ट काढायचा राहिलाय. बसत नसेल तर नागरिकत्वाचा अर्ज, आणि त्याला वेळ लागतो. निवडीच्या वर्षी धावपळ नको.

भारताचं दुहेरी नागरिकत्व नाही, हे जाणताच. आयरिश झाल्यावर ओसीआय मिळेल, पण भारताच्या संघासाठी भारतीय पासपोर्टच लागतो. म्हणजे हा निर्णय खेळाचाही आहे. घरात बसून, मुलाला विचारून घ्या.

बेलफास्टचं म्हणाल तर स्विम आयर्लंड ही संपूर्ण बेटाची संघटना आहे आणि उत्तरेत जन्मलेली मुलं ब्रिटन किंवा आयर्लंड निवडू शकतात. विफननं आयर्लंड निवडलं, पण राष्ट्रकुल स्पर्धेत तो उत्तर आयर्लंडचा असतो. बेलफास्टचा जॅक मॅकमिलन टोकियोला आयर्लंडच्या रिलेत होता. नंतर तो ब्रिटनकडे गेला आणि पॅरिसमध्ये ४ × २०० रिलेच्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) पोहून सुवर्णाचा मानकरी झाला. एकदा एका देशाकडून मोठ्या स्पर्धेत उतरलात की बदलायला ऑलिंपिकच्या नियमानं साधारण तीन वर्षं थांबावं लागतं.

मुलीला दमा आहे, निळा इनहेलर घेते. सर्दीचं औषध, आजीनं पाठवलेलं चूर्ण, यांतलं काय चालतं?
— एक आई, गॉलवे

निळ्या इनहेलरमधलं साल्ब्युटामॉल उत्तेजकविरोधी नियमांत मर्यादेत चालतं: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही ८ तासांत ६०० हून जास्त नाही. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असतील तर ८ तासांत सहा फवारे. शर्यतीआधी घाबरून दहा फवारे मारणं इथं महागात पडतं. त्याहून जास्त लागत असेल तर मुळात दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांकडे जा. गोळी किंवा नेब्युलायझरची वेळ आली तर वैद्यकीय सवलतीचा अर्ज लागू शकतो; कागद जपा.

सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आहे का ते डबीवर वाचा. स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणापुढे निषिद्ध आहे, आणि ‘स्पर्धेचा काळ’ आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो. चूर्णाबद्दल उत्तर स्पष्ट आहे: घेऊ नये. ते वाईट आहे म्हणून नव्हे. त्यात नेमकं काय आहे याची तपासणी झालेली नसते आणि नमुन्यात सापडलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी पोहणाऱ्याचीच असते, वय कितीही असो.

मुलगी वरच्या स्तरावर गेली की उत्तेजक चाचणीच्या गटात नाव येऊ शकतं. मग दर तिमाहीला राहण्याचा, सरावाचा पत्ता द्यायचा आणि रोज पहाटे ५ ते रात्री ११ मधला एक तास ठरवून तिथं हजर असायचं. १२ महिन्यांत तीन चुका म्हणजे थेट उल्लंघन. बहुतेक चुका बेइमानीतून होत नाहीत. मैत्रिणीकडे राहायला गेलेली मुलगी पत्ता बदलायला विसरते, एवढंच. आयर्लंडमध्ये हा विषय नाजूक आहे. १९९६ ला अटलांटामध्ये तीन सुवर्णं आणि एक कांस्य जिंकलेल्या मिशेल स्मिथवर १९९८ मध्ये नमुन्यात फेरफार केल्याबद्दल चार वर्षांची बंदी आली. पदकं कायम राहिली, पण इथल्या पोहणाऱ्यांना पुढे कितीतरी वर्षं त्या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं.

सरकारकडून पैसे कधी मिळू लागतात?
— एक वाचक, लिमरिक

उशिरा. स्पोर्ट आयर्लंड या सरकारी संस्थेच्या कार्डिंग (खेळाडू अनुदान) योजनेत वर्षाला १८,००० युरो (आंतरराष्ट्रीय), २५,००० (जागतिक दर्जा) आणि ४०,००० (पदकाच्या टप्प्यातले) अशा मुख्य पायऱ्या आहेत. त्या वरिष्ठ जागतिक आणि ऑलिंपिक कामगिरीवर ठरतात. तोपर्यंत खर्च घराचा. जपून करण्याजोगा खर्च म्हणजे शर्यतीचा पोशाख: चांगला २०० ते ४५० युरोंना पडतो आणि त्याची घट्ट पकड थोड्याच शर्यती टिकते. तेरा-चौदाच्या मुलीला त्याची गरज नाही. घ्याल तेव्हा जागतिक संघटनेच्या मान्यतेचा शिक्का पाहून घ्या, आणि तो सरावात घालू देऊ नका.

खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, कोच म्हणतात किकबोर्ड घेऊन पाय मार. बरोबर आहे का?
— १६ वर्षांचा पोहणारा, वॉटरफर्ड

पाय मारणं बरोबर, किकबोर्ड चूक. बोर्डावर हात ताणून धरले की खांदा नेमक्या त्याच अडचणीच्या जागी दाबला जातो. हात अंगालगत ठेवून, स्नॉर्केल लावून पाय मार. हाताची पॅडल पूर्ण बंद. पोहून झाल्यावर दुखणं तासाभरात जात असेल तर अंतर निम्मं करून आठवडा बघ. रात्री कुशीवर झोपताना दुखत असेल किंवा हात वर नेताना जोर जात असेल तर पोहणं थांबवून फिजिओकडे. कारण बहुधा श्वासाच्या सवयीत असतं: एकाच बाजूला श्वास घेणाऱ्यांचा दुसरा हात पाण्यात शिरताना मध्यरेषा ओलांडतो. कोणाला तरी समोरून व्हिडिओ काढायला सांग.

मुलीचं ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक उत्तम, १०० मध्ये शेवटी मागे पडते. फक्त ५० वर लक्ष द्यावं का?
— एक वडील, स्लायगो

पत्र स्लायगोहून आलंय, तेव्हा आधी तुमच्याच काउंटीतल्या ग्रेंजची गोष्ट. मोना मॅकशॅरीनं बॅलीशॅननच्या मार्लिन्स क्लबातून सुरुवात केली आणि २९ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये १:०५.५९ वेळेनं कांस्य मिळवलं. चौथ्या आलेल्या इटलीच्या बेनेदेत्ता पिलातोची वेळ १:०५.६०. त्या वेगाला सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर अंतर, बोटाचं एक पेर.

आतापर्यंत ऑलिंपिकमध्ये ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक नव्हतं. २०२८ च्या लॉस एंजेलिसपासून बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायच्या ५० मीटर शर्यती आल्या आहेत. त्यामुळे तिच्या वेगाला आता खरोखर जागा आहे. तरी १०० सोडू नका. अमेरिकेतल्या विद्यापीठ शर्यती आणि मेडले रिले १०० मागतात, आणि १०० च्या सरावानंच ५० चे शेवटचे १५ मीटर टिकतात.

ती मागे का पडते ते हात मोजून कळेल. दुसऱ्या ५० मध्ये पहिल्यापेक्षा तीनहून जास्त हात पडत असतील तर ती लाथेनंतरचं घसरणं सोडून देतेय. ६ × ५० करून घ्या, दीड मिनिटाला एक. हातांची संख्या ठरवून द्या आणि ती न वाढवता वेळ कमी करायला सांगा. पाण्याखालच्या ओढीत बटरफ्लायची एकच लाथ, तीही ब्रेस्टस्ट्रोकच्या पहिल्या लाथेआधी; दमल्यावर दुसरी निसटते आणि शर्यत बाद होते. भिंतीला दोन्ही हात एकाच क्षणी लागले पाहिजेत. डोकं वर करून भिंत शोधणाऱ्या मुलींचा एक हात आधी लागतो.

आणि शेवटचे ५ मीटर. झेंड्यांखालून भिंतीपर्यंत तिला पूर्ण वेगात नेमके किती हात लागतात ते ठरवून ठेवा, ताज्या अंगानं आणि दमलेल्या अंगानं, दोन्ही वेळा. साधारण अर्ध्या हाताचा फरक येतो. तो अर्धा हात घसरून काढायचा की छोटा हात मारून, हे सरावातच ठरलेलं हवं. दर सेटची शेवटची फेरी टचपॅडवर संपल्यासारखी संपवायची: डोकं खाली, बोटं ताठ, भिंतीत घुसल्यासारखी.